माल आपला, नाव कोणाचे?
व्हिडिओ खेळांच्या धंद्यातील एका कारागीर-मालकाची वाटचाल आणि आपल्यासाठी धडा

'उचल' हा शब्द बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर मुकादमाकडून रक्कम उचलतो आणि कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची वाट धरतो. हंगामभर तोडलेल्या उसाची मजुरी आधी त्या उचलीत वळती होते. उचल फिटली तर वरचे पैसे हातात येतात, नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. शिवणकाम, भरतकाम, सुतारकाम, चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांनाही ही रीत ठाऊक आहे. व्यापारी आगाऊ रक्कम देतो, कधी कच्चा मालही देतो. काम कारागिराचे असते, पण बाजारात माल जातो तो व्यापाऱ्याच्या नावाने.

आपल्याला वाटते की ही रीत गरिबाच्या धंद्यात आणि जुन्या काळातच असावी. तसे नाही. आज जगात ज्या धंद्यात कोट्यवधी ग्राहक आहेत त्या व्हिडिओ खेळांच्या धंद्यातही हीच रीत आहे. तिथे मुकादमाला 'प्रकाशक' म्हणतात, एवढाच फरक. या उचलीतून बाहेर पडायला बेल्जियम देशातील एका खेळ-रचनाकाराला पंधराहून अधिक वर्षे लागली. स्वेन विन्के हे त्याचे नाव आणि 'लॅरियन स्टुडिओज' हे त्याच्या पेढीचे. त्याची वाटचाल व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे. पुण्यात आणि हैदराबादेत याच धंद्यात उतरलेल्या मंडळींचाही विचार शेवटी करू.

हा धंदा नेमका कोणता?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे आणि हे खेळ वेगळे. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर भारत सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. आपण ज्या खेळांविषयी बोलतो आहोत ते पुस्तकासारखे किंवा चित्रपटासारखे एकदा विकत घ्यायचे आणि घरी बसून खेळायचे असतात. त्यात डाव लावणे नाही.

त्यातला एक प्रकार 'भूमिका घेऊन खेळायचे खेळ' हा आहे. याचे मूळ कॉम्प्युटरमध्ये नाही. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ निघाला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण कथा सांगतो आणि खेळाडूंनी काय करायचे ते ठरवले की फासा टाकून निकाल लागतो. पुढे हीच कल्पना कॉम्प्युटरवर आली.

अशा खेळाच्या रचनाकाराचे काम चित्रे काढण्याचे नसते. तो नियम लिहितो. योद्ध्याची ताकद किती, तलवारीचा घाव किती खोल, खेळाडू खोटे बोलला तर गावातील लोक पुढे त्याच्याशी कसे वागतील, हे सारे त्याला आधी ठरवावे लागते. एक माप जड झाले तर खेळ फार सोपा होतो, हलके झाले तर खेळाडू कंटाळून उठून जातो. अत्तर तयार करणाऱ्याला जसे थेंबांचे प्रमाण सांभाळावे लागते, तसेच हे कसब आहे. खेळाडूला जितकी मोकळीक द्यावी तितके काम वाढते, कारण त्याने निवडलेल्या प्रत्येक वाटेवर काहीतरी घडवून ठेवावे लागते. म्हणून हा प्रकार या धंद्यात सर्वांत महागड्या आणि वेळखाऊ प्रकारांत गणला जातो. अशा एका खेळाला तीन वर्षे लागू शकतात, तशी सहाही लागू शकतात. तोवर विक्री नाही आणि पगार मात्र दर महिन्याला द्यायचे. उचलीची गरज पडते ती इथेच.

उचलीचा हिशेब

प्रकाशक रक्कम देतो, जाहिरात करतो, माल दुकानापर्यंत पोचवतो. त्याची जोखीम खरी असते, हे मान्य केले पाहिजे. पण हिशेब कसा बसतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा प्रकाशकाने स्टुडिओला १ कोटी रुपयांची उचल दिली. खेळाची किंमत १ हजार रुपये. दुकानाने त्यातले ३०० रुपये आपली अडत म्हणून कापले, उरले ७०० रुपये. करारानुसार यातला चौथा हिस्सा, म्हणजे १७५ रुपये, स्टुडिओचा. पण हे १७५ रुपये स्टुडिओच्या हाती येत नाहीत, ते उचलीत वळते होतात. उचल फिटायला सुमारे ५७ हजार प्रती विकाव्या लागतात. तोवर प्रकाशकाच्या गल्ल्यात सुमारे ४ कोटी जमलेले असतात. दिलेली उचल वजा केली तरी ३ कोटी उरतात. त्यातून जाहिरातीचा खर्च जातो, बाकी त्याचे. ज्याने तीन वर्षे घाम गाळला त्याला उचलीपलीकडे एक रुपयाही मिळालेला नसतो. शिवाय अनेक करारांत खेळाचे नाव आणि हक्कही प्रकाशकाकडे जातात. म्हणजे त्याच नावाचा दुसरा भाग काढायचा तर पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते.

विन्केची वाटचाल

विन्केने १९९६ साली लॅरियनची सुरुवात केली. मनात मोठा भूमिका-खेळ काढायचा होता, पण भांडवल नव्हते. म्हणून १९९७ साली 'द लेड वॉर्स' हा लहान युद्ध-खेळ काढला. त्यानंतर एका जर्मन कंपनीबरोबर 'द लेडी, द मेज अँड द नाइट' या मोठ्या खेळाचे काम सुरू झाले. १९९९ साली ते काम बंद पडले. माल अर्धा तयार, गिऱ्हाईक गेलेले आणि माणसांचे पगार उभे, अशी अवस्था झाली. तेव्हा लॅरियनने दुसऱ्यांसाठी ठेक्याची कामे करून दिवस काढले.

२००२ साली 'डिव्हाइन डिव्हिनिटी' बाजारात आला. समीक्षकांनी वाखाणला, लोकांनी घेतला. तरीही करार असा होता की विक्रीच्या मानाने स्टुडिओच्या हाती फार थोडे आले आणि बरीच माणसे कमी करावी लागली. नाव झाले, पण पेढी बुडण्याच्या बेताला आली. त्यानंतर विन्केने जे केले ते कोणताही शहाणा दुकानदार करील तेच होते. त्याने घर चालवणारे काम धरले. बेल्जियममधील दूरदर्शनच्या मुलांच्या वाहिनीसाठी त्याच्या मंडळींनी २००४ साली 'केटनेट किक' हा मुलांचा खेळ करून दिला. मोठ्या खेळाचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाने लहान मुलांसाठी ठेक्याचे काम केले, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्या कामातून पगार निघत राहिले आणि हातातले कसब टिकले.

२००९ साली 'डिव्हिनिटी २' आला. त्या वेळी विन्केच्या मते खेळ अजून पुरता तयार नव्हता, पण तारीख त्याच्या हातात नव्हती. उचल देणाऱ्याने हंगाम ठरवला की तोडणी सुरू करावीच लागते. पुढे त्याच खेळाची डागडुजी करून सुधारलेली आवृत्ती काढण्यात आली. या अनुभवानंतर त्याने ठरवले की यापुढे आपला माल आपणच बाजारात आणायचा.

गिऱ्हाईकाची आगाऊ मागणी

ठरवणे सोपे होते, पण पैसा कुठून आणायचा? मार्च २०१३ मध्ये लॅरियनने 'किकस्टार्टर' या व्यवस्थेचा आधार घेतला. यात कारागीर आपली कल्पना थेट लोकांपुढे मांडतो, किती रक्कम हवी ते जाहीर करतो, आणि ज्यांना माल हवा ते आगाऊ पैसे नोंदवतात. ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम नोंदली गेली तरच ती मिळते, नाही तर कोणाचाही पैसा कापला जात नाही. हे पैसे म्हणजे कर्ज नव्हे आणि पेढीतली भागीदारीही नव्हे. ईदच्या दोन महिने आधी गिऱ्हाइकांनी शेरवानीची आगाऊ नोंदणी करावी आणि त्या पैशातून शिंप्याने कापड आणावे, तसाच हा प्रकार.

लॅरियनने ४ लाख डॉलर मागितले होते. जवळपास १९,५०० लोकांनी मिळून सुमारे ९ लाख ४४ हजार डॉलर दिले. एवढ्यानेही खर्च भागणार नव्हता. विन्केने जे होते ते सारे पणाला लावले आणि पेढी दिवाळखोरीच्या काठावर उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये अपुरा खेळ विक्रीला ठेवला गेला, आणि तो अपुरा आहे हे ग्राहकांना स्पष्ट सांगूनच. घेणाऱ्यांनी उणिवा दाखवल्या, स्टुडिओने त्या दुरुस्त केल्या. ३० जून २०१४ रोजी 'डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन' पूर्ण रूपात आला आणि सप्टेंबरपर्यंत त्याच्या ५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. या वेळी दुकानाची अडत वजा जाता विक्रीचा पैसा पेढीकडेच आला. २०१७ सालच्या दुसऱ्या भागाच्या १० लाख प्रती सुमारे दोन महिन्यांत गेल्या.

आता दुसऱ्याच्या दारात जाण्याऐवजी दुसरे याच्या दारात येऊ लागले. 'बाल्डर्स गेट' हे या प्रकारातील जुने आणि मानाचे नाव. त्याचे पहिले दोन भाग १९९८ आणि २००० साली दुसऱ्या एका स्टुडिओने काढले होते. नावाचा हक्क 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीकडे आहे. विन्केने पूर्वी एकदा विचारणा केली तेव्हा त्याला नकार मिळाला होता. पुढे त्याच कंपनीकडून विचारणा आली. ऑक्टोबर २०२० मध्ये अपुऱ्या रूपात आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण रूपात 'बाल्डर्स गेट ३' आला. सुमारे सहा वर्षांचे काम आणि चारशेहून अधिक माणसे त्यामागे होती. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. विन्के तो घ्यायला लोखंडी चिलखत घालून गेला होता.

पण खरी गंमत पुढे आहे. एवढे यश मिळाल्यावर चौथा भाग काढला असता तर तो खपलाच असता. तरी मार्च २०२४ मध्ये विन्केने जाहीर केले की आम्ही तो काढणार नाही, आमच्या स्वतःच्या कामाकडे वळणार. डिसेंबर २०२५ मध्ये लॅरियनने नव्या खेळाची घोषणा केली. त्याचे नाव 'डिव्हिनिटी'. बाल्डर्स गेट हे नाव कितीही मोठे असले तरी ते दुसऱ्याचे होते. डिव्हिनिटी हे नाव आपल्या घरचे होते.

पुणे आणि हैदराबाद

कोणी म्हणेल, ही युरोपातील गोष्ट, तिचे आपल्याला काय? आता पुण्याकडे वळू. तिथे अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी २०१७ साली 'नोडिंग हेड्स गेम्स' हा स्टुडिओ काढला. त्यांचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा साहस-खेळ प्राचीन भारतात घडतो. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या लहान भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. त्यातील वाड्यांवर राजस्थानी वास्तुकलेची छाप आहे, चित्रांवर पहाडी शैलीची. म्हणजे आपल्याच देशातील जुन्या कारागिरांचे हुनर त्यांनी भांडवल म्हणून वापरले.

त्यांनीही २०१७ साली किकस्टार्टरवर मागणी मांडली आणि ती अपुरी पडली. ठरलेली रक्कम जमली नाही, म्हणून काहीच मिळाले नाही. विन्केला जे साधले ते प्रत्येकाला साधतेच असे नाही, हे इथे ध्यानात ठेवावे. तो सतरा वर्षे धंद्यात होता आणि जुने गिऱ्हाईक त्याच्या पाठीशी होते. पुण्याच्या मंडळींचा तो पहिलाच माल होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे त्यांना प्रकाशक मिळाला आणि २०२० सालच्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावर, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आणि कॉम्प्युटरवर राजी जगभर विकला जाऊ लागला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या खेळाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. म्हणजे उचल घेणेच वाईट असे नव्हे. पहिला माल बाजारात पोचवायला ती कामाला येते. फक्त तिच्या अटी डोळे उघडे ठेवून वाचल्या पाहिजेत.

एके काळी बीडचा कारभार ज्या हैदराबादेतून चालत असे, तिथेही असे उदाहरण आहे. झैनुद्दीन फहद यांच्या 'ओगर हेड' या छोट्या स्टुडिओने २०१७ साली 'असुरा' हा खेळ काढला. त्यात खेळाडूचे पात्र अर्धे माणूस आणि अर्धे असुर आहे, आणि प्रत्येक खेपेला कौशल्यांची मांडणी बदलते. मोजक्या माणसांनी केलेला हा खेळ आंतरराष्ट्रीय बाजारात विकला गेला.

अशा छोट्या मंडळींना दुकान कसे मिळते? 'स्टीम' हे कॉम्प्युटर खेळांचे मोठे ऑनलाइन दुकान आहे. तिथे एका खेळासाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १ हजार डॉलरवर गेली की ते परत मिळतात. अडत ३० टक्के. पण १ कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर ती २५ टक्के आणि ५ कोटींपुढे २० टक्के होते. मोठ्या व्यापाऱ्याला अडत कमी आणि लहानाला जास्त, ही मोंढ्यातली रीत तिथेही आहे. माल पसंत पडला नाही तर दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर ग्राहक पैसे परत मागू शकतो. तेव्हा खराब माल फार काळ लपत नाही.

आपण काय घ्यावे?

ज्यांच्या घरातील मुले-मुली कॉम्प्युटरचे किंवा चित्रकलेचे शिक्षण घेत आहेत त्यांनी, आणि जे स्वतः नक्षी, साचे, डिझाइन करतात त्या कारागिरांनीही, कायद्याच्या काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र, लेखन आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम यांचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे तो करणारा असतो. पण पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळे ठरलेले नसेल तर, मालकाकडे जातो. नोकरी धरताना हे माहीत असावे.

दुसरी गोष्ट. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी बोलण्याने तो जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून 'कायमचा' आणि 'जगभर' हे दोन शब्द कागदावर दिसले की सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.

तिसरी गोष्ट. उचल घेताना ती कशातून फिटणार, हिशेब किती दिवसांनी मिळणार, आणि काम मध्येच बंद पडले तर झालेले काम कोणाचे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. रक्कम किती हा प्रश्न त्यानंतरचा. १९९९ साली विन्केच्या पेढीवर जे संकट आले ते काम मध्येच बंद पडल्यामुळेच आले होते.

चौथी गोष्ट. मोठे काम हाती असतानाही पगार निघेल असे लहान काम सोडू नये. ज्या कारागिराची चूल ठेक्याच्या कामावर पेटते तोच मोठ्या गिऱ्हाइकाशी सौद्याला बसताना 'नाही' म्हणू शकतो.

बीड शहर एके काळी चामड्याच्या कामासाठी, विशेषतः पाण्याच्या छागलीसाठी, प्रसिद्ध होते. जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. बीडची छागल म्हणून तिचे नाव लिहिले गेले. ती शिवणाऱ्या एकाही उस्तादाचे नाव त्यात नाही. त्या काळी कारागिराला आपले नाव मालावर टिकवण्याचा रस्ता नव्हता. आज कायदा आहे, दुकानही उघडे आहे. आपल्या मुलामुलींनी खेळ घडवावा, चप्पल घडवावी की कपाट, ते त्यांनी ठरवावे. सही करण्यापूर्वी मालावर नाव कोणाचे राहणार एवढे मात्र त्यांना विचारायला शिकवणे आपल्या हातात आहे.